सुई नसेत नाही, नसेशेजारी: खुब्याच्या ऑपरेशनमधले नर्व्ह ब्लॉक

खुबा मोडलेल्या माणसाला ‘किती दुखतंय?’ असं विचारून फारसं काही कळत नाही. पाय थोडा बाहेरच्या बाजूला वळलेला, गुडघ्याखाली उशी आणि जराही हालचाल न करता पडून राहिलेल्या आजी ‘आता बरं आहे’ म्हणतात. मग एक्स-रेच्या टेबलावर घ्यायला चौघंजण चादरीची टोकं धरतात, ‘एक, दोन, तीन’ म्हणून उचलतात आणि त्याच आजींच्या तोंडून जो आवाज निघतो तो ऐकवत नाही. खुब्याचं दुखणं पडल्या जागी दबा धरून बसतं आणि हलवलं की झडप घालतं. म्हणून भूल देणारी डॉक्टर या नात्याने मी प्रश्नच बदलला आहे. मी विचारते, ‘आजी, कूस वळताना किती दुखतं?’

आणि या रुग्णाला हलवावं तर लागतंच. एक्स-रेला, बेडपॅन द्यायला, ऑपरेशनच्या टेबलावर घ्यायला. मणक्यात भुलीचं इंजेक्शन द्यायचं असेल तर उठून बसवावं लागतं किंवा कुशीवर वळवावं लागतं. म्हणजे ज्या इंजेक्शनने दुखणं थांबणार, ते घेण्यासाठीच आधी सगळ्यात मोठी कळ सोसायची.

मॉर्फिन, फेंटानिल अशी अफूच्या कुळातली औषधं इथे तोकडी पडतात. पडून असतानाच्या ठणक्यावर ती चांगली चालतात. पण हलतानाची कळ झाकेल एवढा डोस दिला, तर हलवणं दोन मिनिटांत संपतं आणि औषध अंगात उरतं. कळ गेलेली, औषध जागेवर. मग गुंगी, मंद झालेला श्वास, मळमळ, पुढचे चार दिवस पोट साफ न होणं, आणि ऐंशीच्या पुढच्या माणसात रात्री बरळणं, सलाइनची सुई ओढून काढणं, घरच्यांना न ओळखणं. औषध कमी दिलं तरी सुटका नाही, कारण नुसत्या दुखण्यानेही म्हातारी माणसं अशी भ्रमतात.

या कोंडीतून वाट काढण्यासाठी नर्व्ह ब्लॉक आहेत. खुब्याकडून दुखण्याचा निरोप घेऊन जाणाऱ्या नसांच्या शेजारी बधिर करणारं औषध सोडायचं आणि तो निरोप काही तास वाटेतच अडवून धरायचा. माणूस जागा असतो, बोलत असतो, शुद्धीत असतो. नस म्हणजे इथे मज्जातंतू, बरं का. बोलण्यात आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो, त्यामुळे ‘नसेजवळ इंजेक्शन देणार आहोत’ असं सांगितलं की बरेच जण सलाइन लावायला हात पुढे करतात.

दाराला आतून अडसर

नस म्हणजे विजेची तार, ही उपमा सोयीची पण थोडी फसवी आहे. नसेतून वीज तारेसारखी धावत नाही. उभ्या पिकावरून वारा जावा तशी एक लाट तिच्यावरून सरकत जाते. ही लाट उठते ती सोडियमचे कण नसेच्या आत घुसल्यामुळे, आणि हे कण ज्या बारीक दारांतून घुसतात तीच दारं लिग्नोकेन, बुपिव्हाकेन, रोपिव्हाकेन ही औषधं बंद करतात. गंमत अशी, की औषधाचा रेणू दाराला बाहेरून टेकत नाही. तो आधी नसेचं आवरण ओलांडून आत शिरतो आणि आतून अडसर घालतो.

या लहानशा तपशिलातून बरंच काही उलगडतं. दाढेला पू झालेला असताना डेंटिस्टचं इंजेक्शन नीट का लागत नाही? सुजलेल्या जागी आम्ल वाढलेलं असतं आणि आम्लात या रेणूंना आवरण ओलांडणं जड जातं. ब्लॉक दिल्या दिल्या का लागत नाही? रेणूंना आत शिरायला वेळ लागतो. लिग्नोकेनला काही मिनिटं पुरतात. बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेनला पंधरा ते तीस मिनिटं द्यावी लागतात. तेवढं न थांबता रुग्णाला उचललं आणि तो ओरडला, की ‘ब्लॉक फेल गेला’ असा बोभाटा होतो. फेल काही गेलेलं नसतं, घाई झालेली असते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. दुखणं नेणारे तंतू बारीक असतात आणि स्नायू हलवणारे तंतू जाड. औषध पातळ करून दिलं तर बारीक तंतू गप्प होतात आणि जाड तंतूंचं काम बऱ्यापैकी चालू राहतं. बऱ्यापैकी, पूर्ण नाही.

मणक्यातलं इंजेक्शन वेगळं

ब्लॉक म्हटलं की ‘म्हणजे कमरेत सुई ना?’ असं हमखास विचारलं जातं. कमरेत देतात ते स्पायनल. ते ऑपरेशन करण्यासाठीची भूल आहे. कमरेखालचं सगळं शरीर दोन-तीन तास बधिर आणि लुळं करते. ब्लॉक हा ऑपरेशनच्या आधीच्या आणि नंतरच्या दुखण्यासाठी असतो, एकाच बाजूला असतो आणि बराच जास्त टिकतो, आठ तासांपासून जवळपास दिवसभर. नुसत्या ब्लॉकवर खुब्याचं मोठं ऑपरेशन सहसा होत नाही. दोन्ही एकमेकांच्या बदली वापरायच्या गोष्टी नाहीत. एकाच रुग्णाला दोन्ही मिळतात, किंवा पूर्ण बेशुद्ध करून शिवाय ब्लॉक मिळतो.

स्पायनलचा इतिहास मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८९८ साली जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बीअर या शल्यचिकित्सकाने मणक्यातल्या पाण्यात कोकेन सोडून पहिलं ऑपरेशन केलं. काही दिवसांनी त्याने आणि त्याचा सहायक हिल्डेब्रांट याने हा प्रयोग एकमेकांवर करून पाहिला. हिल्डेब्रांटचे पाय बधिर झाल्यावर बीअरने त्याच्या नडगीवर लोखंडी हातोडा हाणला. काही कळलं नाही म्हणून दोघं खूश! नंतर बीअर डोकेदुखीने काही दिवस अंथरुणाला खिळला आणि हिल्डेब्रांटच्या पायावर काळेनिळे डाग उठले. स्पायनलनंतरची डोकेदुखी वैद्यकाला कळली ती अशी.

खुबा मोडलेल्यांना स्पायनल द्यावं की पूर्ण भूल, यावर आमच्यात वर्षानुवर्षं खडाजंगी चालली. २०२१ साली अमेरिका आणि कॅनडातल्या १६०० रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. साठ दिवसांनी जगण्यात आणि चालू शकण्यात दोन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. मला यातून एवढंच दिसतं, की कुठली भूल यावर नातेवाइकांनी झोप घालवू नये. त्यापेक्षा भुलीच्या आधीचं आणि नंतरचं दुखणं कोण बघणार, हे विचारलेलं जास्त उपयोगी.

हिल्टनचा नियम

आता मूळ अडचण. लंडनचा शल्यचिकित्सक जॉन हिल्टन याने १८६०च्या दशकात एक नियम मांडला, तो आजही शरीररचनेच्या वर्गात पहिल्या वर्षी शिकवतात. एखाद्या सांध्याला जी नस जाते, तीच नस तो सांधा हलवणाऱ्या स्नायूंना आणि त्या स्नायूंवरच्या कातडीलाही फाटे देते. दुखणं, ताकद आणि स्पर्श, तिघांची तार एकच.

याचा एक ओळखीचा परिणाम बघा. कितीतरी जण वर्षभर गुडघा दुखतो म्हणून हिंडत असतात. गुडघ्याचा एक्स-रे ठीकठाक, गोळ्यांनी तात्पुरता आराम, आणि शेवटी कुणीतरी पाय आत-बाहेर फिरवून बघतं तेव्हा कळतं की झिजलाय तो खुबा. ऑब्च्युरेटर नावाची नस खुब्यालाही फाटा देते आणि गुडघ्यालाही. मेंदूला निरोप कुठून आला हे नीट कळत नाही आणि तो गुडघ्याच्या नावावर टाकून मोकळा होतो.

आमच्या दृष्टीने हा नियम डोकेदुखीचा आहे. खुबा बधिर करायला नस अडवली, की त्या नसेवर चालणारा स्नायूही गळतो. मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूला, म्हणजे क्वाड्रिसेप्सला, फीमोरल नस चालवते आणि खुब्याच्या सांध्याचा पुढचा भागही तिच्याच ताब्यात असतो. ती जांघेत अडवली तर दुखणं कमी होईल, पण माणूस उभा राहायला गेला की गुडघा खाली मुडपतो. ऑपरेशननंतर लवकरात लवकर उभं राहणं, चार पावलं टाकणं यावर छातीतला कफ, पायातल्या रक्ताच्या गाठी, पाठीचे व्रण असं सगळं अवलंबून असताना पायच लुळा केला तर काय उपयोग? आणि नवा खुबा घेऊन माणूस बाथरूमच्या वाटेवर पडला, तर सगळं मुसळ केरात. खुब्याच्या ब्लॉकचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाशी घेतलेली झटापट आहे. पाय शाबूत ठेवून सांधा तेवढा बधिर कसा करायचा?

खुब्याला तारा दोन बाजूंनी येतात. पुढच्या बाजूला फीमोरल आणि ऑब्च्युरेटर, शिवाय काही थोड्या लोकांत ऑब्च्युरेटरची एक जादा धाकटी बहीण. मागच्या बाजूला सायाटिक आणि तिच्या आसपासच्या छोट्या नसा. कातडीचं खातं आणखी वेगळं. मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या कातडीला एक स्वतंत्र नस आहे आणि जखमेच्या वरच्या टोकाला तर बरगड्यांखालून येणाऱ्या नसा पोचतात. एवढ्या सगळ्या तारा एका सुईने अडणं अशक्य. सुदैवाने सगळ्या सारख्या महत्त्वाच्या नाहीत. सांध्याभोवती जी चिवट पिशवी असते, तिच्या पुढच्या भागात दुखणं ओळखणाऱ्या टोकांची दाटी आहे. मागच्या भागात ताण आणि हालचाल ओळखणारी टोकं जास्त. म्हणून पुढची बाजू साधली की बरीचशी लढाई जिंकली.

मोठ्या जाळ्यापासून छोट्या फटीपर्यंत

सुरुवातीचा विचार सरळ होता: वरच अडवा. कमरेच्या मणक्यांशेजारी, सोआस स्नायूच्या पोटात, या नसा एकत्र असतात. १९७६ साली वर्णन झालेला सोआस कंपार्टमेंट ब्लॉक तिथे जातो. लागला तर उत्तम लागतो. पण जागा खूप खोल, शेजारी मूत्रपिंड आणि मोठ्या रक्तवाहिन्या, औषध मणक्याच्या पोकळीत पसरलं तर दोन्ही पाय बधिर आणि रक्तदाब खाली. आत रक्तस्राव झाला तर वरून दाबताही येत नाही. आज तो फार कमी वापरला जातो आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

१९७३मध्ये ॲलन विनी यांनी ‘थ्री-इन-वन’ ब्लॉक मांडला. जांघेत एकच सुई, औषध भरपूर, खाली दाब द्यायचा म्हणजे ते वर चढेल आणि तीन नसा एका फटक्यात बधिर होतील, अशी कल्पना. नाव झकास होतं. पुढे तपासल्यावर निघालं की तिसरी, म्हणजे ऑब्च्युरेटर, भरवशाने सापडतच नाही.

मग आला फॅशिया इलियाका ब्लॉक. कटीच्या हाडाच्या आतल्या अंगाला एक पसरट स्नायू आहे, त्यावर पातळ पण चिवट पापुद्रा ताणलेला असतो. फीमोरल आणि मांडीच्या कातडीची नस या पापुद्र्याखालून जातात. मग नस शोधत बसायचं कशाला? पापुद्र्याखाली औषध ओतावं, ते पसरत पसरत नसांपर्यंत जाईल. १९८९ साली बर्नार्ड दालें आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांमध्ये हे करून दाखवलं. यंत्राची गरज नव्हती. बोथट सुई कातडीतून आत सरकवायची, बोटांना एक ‘टप्’ जाणवतो, तो पहिला पापुद्रा. थोडं पुढे दुसरा ‘टप्’, की थांबायचं. शिकवायला सोपा, जांघेतल्या मोठ्या धमनीपासून लांब. अपघात विभागातले डॉक्टर, काही ठिकाणी तर प्रशिक्षित नर्ससुद्धा हा ब्लॉक देतात. ऑपरेशनला दोन दिवस असोत की दोन तास, रुग्ण आल्या आल्या देता येतो ही त्याची मोठी जमेची बाजू.

सोनोग्राफी आल्यावर हाच ब्लॉक जांघेच्या घडीच्या वरून द्यायला लागले. पडद्यावर दोन स्नायूंची निमुळती टोकं समोरासमोर येतात आणि मध्ये बो-टायची गाठ बांधल्यासारखं चित्र दिसतं. त्या गाठीखाली सुई. वर दिल्यामुळे औषध वरच पसरतं आणि जास्त नसा सापडतात. मात्र औषध तीस-चाळीस मिली लागतं, आणि फीमोरल नस यात सापडतेच, त्यामुळे मांडीची ताकद काही तास कमी होते.

२०१८ साली टोरांटोच्या एका गटाने प्रश्न उलटा मांडला. फीमोरल नस अडवायची कशाला, तिचे सांध्याकडे जाणारे बारीक फाटेच अडवले तर? शरीररचनेच्या नव्या अभ्यासात दिसलं होतं, की हे फाटे मुख्य नसेपासून वरच सुटतात आणि हाडाला लगटून, दोन उंचवट्यांच्या मधल्या खाचेतून सांध्याकडे उतरतात. तिथे दिलेल्या ब्लॉकला त्यांनी सांध्याच्या पिशवीभोवतीच्या नसांचा गट अशा अर्थाचं इंग्रजी नाव दिलं आणि त्याच्या आद्याक्षरांतून ‘पेंग’ तयार झालं. गटातल्या एका डॉक्टरांचं आडनावही पेंगच, हा योगायोग की खोडी, ज्याने त्याने ठरवावं. आपल्याकडच्या पेंग येण्याशी याचा संबंध नाही. उलट हा ब्लॉक घेतलेल्या आजी टक्क जाग्या असतात आणि चहा मागतात.

पडद्यावर काय दिसतं

रुग्ण पाठीवर झोपलेला. पायावर मार्करने बाणाची खूण केलेली. सुई टोचण्याआधी सगळ्यांनी एक क्षण थांबून बाजू पुन्हा मोठ्याने म्हणायची, डावा की उजवा. हास्यास्पद वाटेल, पण चुकीच्या बाजूला ब्लॉक देणं ही खरोखर घडणारी चूक आहे आणि ती होते ती नेहमी घाईत.

सोनोग्राफीचा बाकदार प्रोब कटीच्या पुढच्या उंचवट्यावर आडवा ठेवायचा आणि हळूहळू जांघेच्या रेषेत तिरका फिरवायचा. पडद्यावर आधी नुसता करडा गोंधळ दिसतो. मग तळाशी एक पांढरी, ठसठशीत रेघ उमटते, ते हाड. रेघेला मध्ये उतार असलेली खाच. खाचेच्या वर एक गोल, चकचकीत ठिपका, तो सोआसचा स्नायुबंध. आतल्या बाजूला ठोके देणारं काळं वर्तुळ म्हणजे धमनी आणि तिच्या शेजारी फीमोरल नस, जिच्या वाटेला आज जायचंच नाही.

कातडीत आधी बारीक सुईने थोडं लिग्नोकेन. मग लांब सुई बाहेरच्या बाजूने आत, पडद्यावर तिचं टोक सतत डोळ्यांसमोर ठेवून, स्नायुबंधाच्या खाली आणि हाडाच्या वर. सुईचं टोक हाडाला टेकतं ते बोटांना कळतं. थोडं पाणी सोडून बघायचं. जागा बरोबर असेल तर तो चकचकीत ठिपका वर उचलला जातो आणि खाली काळी चंद्रकोर भरत जाते. चुकली असेल तर स्नायूच फुगतो. मग सुई सरकवायची. खात्री पटली की औषध, साधारण वीस मिली, थोडं थोडं, दर वेळी सिरिंज मागे ओढून रक्त येत नाही ना हे बघत. तोवर तोंडाने गप्पा चालू ठेवायच्या. गप्पा मारणारा रुग्ण हा उत्तम मॉनिटर असतो, कारण काही बिघडलं तर त्याचं बोलणं आधी अडखळतं.

वीस मिनिटांनी पाय हळूच उचलून बघायचा. मघाशी नुसत्या चादरीला हात लावल्यावर किंचाळलेलं माणूस या वेळी भुवया उंचावून स्वतःच्या पायाकडे बघत राहतं. आमच्या कामात असे क्षण थोडेच असतात.

पेंगलाही मर्यादा आहेत. कातडी बधिर होत नाही, त्यामुळे जखमेच्या जागेसाठी मांडीच्या कातडीच्या नसेचा वेगळा छोटा ब्लॉक जोडतात किंवा सर्जन टाके घालताना तिथे औषध टोचतात. सांध्याची मागची बाजू यात येत नाही. आणि औषध जास्त सोडलं किंवा सुई वरच राहिली, तर ते फीमोरल नसेपर्यंत पसरतं आणि ताकद जायची ती जातेच.

हिशेब औषधाचा

बधिर करणारं औषध हे नसेसाठी औषध आहे, रक्तात गेलं तर मेंदू आणि हृदयासाठी विष. म्हणून वजनावरून कमाल डोस ठरलेला असतो. रोपिव्हाकेनची नेहमीची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम. पन्नास किलोच्या आजींना १५० मिलिग्रॅम. अर्धा टक्का ताकदीच्या औषधात एका मिलीत ५ मिलिग्रॅम असतात, म्हणजे ३० मिलीतच मर्यादा संपली. पण फॅशिया इलियाकाला तर चाळीस मिली हवेत! मग औषध पातळ करायचं. पाव टक्क्याचे चाळीस मिली म्हणजे १०० मिलिग्रॅम, मर्यादेच्या आत, आणि पातळ असल्याने स्नायूंची ताकदही थोडी वाचते. त्यातच सर्जनही सांध्याभोवती हेच औषध टोचणार असतील तर दोघांचा हिशेब एकत्र करावा लागतो. हे बोलणं ऑपरेशन सुरू होण्याआधी व्हायला हवं. प्रत्यक्षात कधी कधी ते सिरिंज हातात घेतल्यावर होतं.

औषध रक्तात जास्त गेलं तर आधी ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुणगुण. मग झटके, आणि सगळ्यात वाईट म्हणजे हृदयाचे ठोके बिघडणं. अशा वेळी २० टक्के ताकदीचं चरबीचं पांढरं सलाइन शिरेतून देतात. ते रक्तातलं औषध ओढून घेतं आणि हृदयालाही सावरायला मदत करतं. मुळात हे सलाइन तोंडाने खाऊ न शकणाऱ्या रुग्णांच्या पोषणासाठी बनलेलं. जिथे ब्लॉक देतात तिथे त्याची बाटली हाताशी असलीच पाहिजे, यावर तडजोड नाही.

नसेला कायमची इजा होणं दुर्मीळ आहे. काही आठवडे एखाद्या भागात मुंग्या किंवा बधिरपणा राहणं त्या मानाने जास्त दिसतं आणि बहुतेकांत ते आपोआप जातं. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांच्या नसा आधीच कमजोर आहेत त्यांनी ते आवर्जून सांगावं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खोलवरचे ब्लॉक आणि स्पायनल पुढे ढकलावे लागतात. फॅशिया इलियाकासारखा वरवरचा ब्लॉक मात्र बरेचदा देता येतो. खुबा मोडलेले बरेच रुग्ण याच गोळ्यांवर असतात, त्यामुळे ही सवलत फार मोलाची ठरते.

सगळ्यांनाच हवा का?

इथे माझं मत थोडं कडक आहे. हाड मोडलेल्यांना ब्लॉक मिळायलाच हवा, आणि लवकर. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२०च्या आढाव्यात ब्लॉक दिलेल्यांची हालचालीची कळ अर्ध्या तासात कमी झालेली दिसली, भ्रमण्याचं प्रमाण कमी झालं आणि छातीचा संसर्गही बहुधा कमी होतो असं निघालं. वय जितकं जास्त आणि मूत्रपिंड जितकं थकलेलं, तितका फायदा मोठा, कारण अशा रुग्णांना इतर वेदनाशामकं बेताबेतानेच द्यावी लागतात.

झिजलेला सांधा ठरवून बदलणाऱ्यांचं गणित वेगळं. त्यांना आधीपासून पॅरासिटामॉल, सूज उतरवणारी गोळी, डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं एक इंजेक्शन आणि सर्जनने सांध्याभोवती टोचलेलं औषध असं सगळं मिळालेलं असतं. त्यावर ब्लॉकची भर घातली तर फायदा होतो, पण थोडा, आणि काही अभ्यासांत तर दिसतही नाही. २०२१च्या एका आंतरराष्ट्रीय शिफारशीत अशा रुग्णांसाठी एक वेळचा फॅशिया इलियाका ब्लॉक किंवा सर्जनने टोचायचं औषध, दोन्हींपैकी काहीही चालेल असं म्हटलं आहे. पेंग आणि वरून दिलेला फॅशिया इलियाका यांची तुलना केली तर दुखणं साधारण सारखंच कमी होतं, मात्र पेंगमध्ये मांडीची ताकद जास्त टिकते. म्हणून त्याच दिवशी उभं करायचं असेल तर मी पेंगकडे झुकते. अपघात विभागात, ऑपरेशन उद्यावर असताना, फॅशिया इलियाका. कुणाला काय छान जमतं हेही बघावं. रोज दहा फॅशिया इलियाका देणाऱ्या हाताने नवीन म्हणून पेंगच्या मागे धावायचं कारण नाही.

रात्री दोन वाजता

ब्लॉक उतरतो तेव्हा हळूहळू उतरत नाही. संध्याकाळी रुग्ण खुशीत असतो, ‘मला काहीच दुखत नाही, गोळी कशाला?’ म्हणून नर्सला परत पाठवतो. रात्री दोनच्या सुमारास औषधाचा अंमल संपतो आणि दिवसभर अडून राहिलेली कळ एकदम अंगावर येते. आता गोळी घेतली तरी तिला चढायला तास लागणार. म्हणून नियम साधा आहे: दुखत नसतानाही गोळ्या वेळेवर घ्यायच्या, निदान ब्लॉक उतरेपर्यंत तरी. ब्लॉक किती वाजता दिला आणि साधारण कधी उतरेल, हे नातेवाइकांनी कागदावर लिहून घ्यावं. बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नये, भाजलेलं कळत नाही. टाच तासन् तास एकाच जागी टेकलेली राहू देऊ नये, तिथे व्रण होतो आणि तोही कळत नाही. आणि ठरलेली वेळ उलटून बराच काळ गेला तरी पायात जोर आला नाही, किंवा ब्लॉक असूनही दुखणं वाढतच गेलं, तर सकाळची वाट न बघता कळवायचं.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट येतात तेव्हा आजींना एकदम उभं करत नाहीत. आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवतात आणि गुडघा सरळ करून पाय हवेत धरायला सांगतात. पाय वर येऊन क्षणभर स्थिर राहिला तर वॉकर पुढे सरकतो. थरथरून खाली पडला तर पाय पुन्हा पलंगावर घेऊन पांघरूण घालतात, आणि ‘दोन तासांनी परत बघू’ असं म्हणून पुढच्या पलंगाकडे जातात.